भोंगामामा आणि न सापडणारी गळती

दुकानातून निघून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायला भोंगामामांना पाऊण तास लागे, आणि याबद्दल गल्लीत त्यांचं कौतुक होतं. माणूस असावा तर असा माणूसवेडा, असं लोक म्हणत. घड्याळजीच्या दारात थांबून ते त्याची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ का दाखवतात याची चौकशी करत. पुढे चपलांच्या दुकानाशी थांबून काचेतल्या बुटांना नावं ठेवत. त्याच्या पुढे शिवणवाल्या बाईंच्या पायरीवर टेकून त्यांच्या सुनेची तब्येत विचारत, आणि तीही अशा बेतानं की उत्तर लांबलचक यावं. उत्तर जितकं लांब, तितका मामांना श्वास जास्त.

खरी गोष्ट एवढीच होती की मामांना एका वेळी चाळीसच पावलं जमत. एकेचाळिसाव्याला छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं होई. ही चाळीस पावलं कुठे कुठे संपतात ते त्यांनी नीट मोजून ठेवलं होतं, आणि जिथे संपत तिथे एकेक ओळख करून ठेवली होती. पंचाईत फक्त एका ठिकाणी होई. तिथे विजेचा लोखंडी डबा होता आणि बोलायला कुणीच नव्हतं. तिथे मामा डोळे बारीक करून डब्यावरची धोक्याची सूचना वाचत. तीन वर्षं रोज वाचत होते. विजेच्या धोक्याचा एवढा अभ्यास वीज खात्यातल्या माणसाचाही नसेल.

मामांचं काम फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं. तुतारीसारखे कर्णे, क्लॅरिनेट, बासऱ्या आणि बँडमध्ये सगळ्यात मागे वाजणारा, माणसाला मिठी मारून बसावा तसा पितळी भोंगा. हे सगळं त्यांच्या दुकानातल्या लांब टेबलावर येई आणि बरं होऊन जाई. म्हणून ते भोंगामामा. दुकान खाली, घर वर, मध्ये एकवीस पायऱ्यांचा जिना. चाळीस वर्षं त्यांनी डाग देताना उठणारा धूर खाल्ला, ॲसिडची वाफ घेतली, पॉलिशच्या चाकावरची पितळेची भुकटी हुंगली, आणि हे सगळं कमी पडेल की काय म्हणून वर सिगारेटी ओढल्या. सिगारेट पंचावन्नाव्या वर्षी सुटली. तोवर फुप्फुसांनी जे घ्यायचं ते घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, जाणार नाही, सांभाळावा लागेल, आणि ओढायचा एक पंप दिला. मामांनी पंप खिशात ठेवला आणि आजार पोटात.

पोटात ठेवायला कारण होतं. त्यांची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायची आणि दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणायची, "बाबा, ते टेबल काढून टाका आणि दोघं आमच्याकडे या."

"अग्निशमन दलाचा बँड माझ्याकडे येतोय तोवर टेबल हलणार नाही," मामांचं उत्तरही ठरलेलं.

शाळांचे बँड कधीच बंद पडले होते. लग्नाच्या मिरवणुकांत आता स्पीकर वाजत. उरला होता तो अग्निशमन दलाचा बँड, अठरा माणसं आणि अठरा वाद्यं. तेवढ्यावर टेबल तग धरून होतं, आणि टेबलावर मामा. आपल्याला दम लागतो हे एकदा का उघड झालं, की लेक जावयाला घेऊन येईल, टेबल विकलं जाईल आणि आपण सहाव्या मजल्यावर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजत बसू, हे मामांना आरशात दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं.

अशात एके दिवशी बँडमास्तर आले. अंगानं भरलेले, मिशीनं त्याहून भरलेले. बँडचा मोठा भोंगा ते स्वतःच वाजवत, आणि वाजवता वाजवताच भुवया उडवून बाकीच्या सतराजणांना ताल देत. दोन माणसांनी भोंगा उचलून टेबलावर ठेवला.

"मामा, याचा खालचा सूर टिकत नाहीये," बँडमास्तर म्हणाले. "धरायला जावं तर चार मोजेपर्यंत मरतो. हवा कुठून तरी जातेय."

"जात असणार," मामा म्हणाले. "पितळ आहे, म्हातारं झालंय."

"तीन आठवड्यांनी आमच्या अग्निशमन केंद्राचा वर्धापनदिन आहे. साहेब म्हणतायत, या वेळी नीट झालं नाही तर सगळीच वाद्यं कंपनीच्या वर्कशॉपला पाठवू. तिथे मशीनवर तपासतात म्हणे."

"सगळी?"

"अठराच्या अठरा. मी म्हटलं, मामांकडून एकदा होऊ द्या."

मामांनी भोंग्यावर थोपटलं. "तुमच्या साहेबांना सांगा, मशीनला कान नसतात."

मामांचा धंद्यातला एक नियम होता. शंका घ्यायची ती आधी वाद्यावर, माणसावर कधीच नाही. वाजवणाऱ्याला तोंडावर सांगितलं की बाबा रे, तुझंच चुकतंय, तर तो वाद्य उचलून चालू लागतो. वाद्य बिचारं कुठेच जात नाही. या नियमावर चाळीस वर्षं सुखात गेली होती.

बँडमास्तर गेल्यावर मामांनी भोंगा मांडीवर घेतला आणि खालचा सूर धरला. एक, दोन, तीन. चौथ्याला सूर फाटला. मामांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ते टेबलावरच्या दिव्याचे असतील असं त्यांनी ठरवलं.

"बरोबर आहे," ते भोंग्याला म्हणाले. "गळतोयस तू."

मग शोध सुरू झाला. मामांनी भोंगा मोठ्या टबात पाण्याखाली धरला आणि फुंकलं. बुडबुडा आला नाही. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. फेस जिथल्या तिथे शांत बसून राहिला. अंधार करून आत दिवा सोडला. उजेडाचा एक टिपूसही बाहेर आला नाही. सूर बदलायला बोटांनी दाबायचे खटके उघडले, धुतले, थेंबभर तेल देऊन बसवले. एक चांगला सांधा केवळ संशयावरून उकलला आणि पुन्हा डाग देऊन जोडला. त्या धुरानं त्यांना अर्धा तास खोकला आला. शेवटी फुंकून पाहिलं. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला मेला.

आठवड्यानं मामांचं मत झालं की ही गळती हुशार आहे. पाण्यात घातलं की बंद होते, बाहेर काढलं की सुरू होते.

"गळती की घूस?" मामींनी जिन्यावरून विचारलं. मामी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या दिवसातून चार वेळा तो जिना चढत-उतरत, तेही बोलत बोलत. "बुजवली की दुसरीकडून निघते ती."

"तुला यातलं काय कळतं?"

"नाचता येईना अंगण वाकडं, एवढं कळतं."

मामांनी लक्ष दिलं नाही. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचं क्लॅरिनेट आलं होतं, तेही गळू लागलं. मग कोनाड्यात दहा वर्षं निमूट पडलेला स्वतःचा कर्णा त्यांनी उतरवून फुंकला, तर तोही गळत होता. दुकानात गळतीची साथ आली होती. मामांनी हवेतल्या दमटपणाला दोष दिला आणि खिडकी बंद केली.

दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. मामा टाळणार होते, पण मामींनी त्यांचे बूट आधीच दारात काढून ठेवले होते आणि रिक्षाही बोलावली होती. रिक्षा असल्यामुळे वाटेत कुणाची तब्येत विचारावी लागली नाही.

तिथे सिस्टरनं आधी एक फॉर्म हातात दिला. खोकला किती येतो, छाती जड वाटते का, जिना चढताना काय होतं, घरातली कामं अडतात का, बाहेर पडायची धास्ती वाटते का, झोप नीट लागते का. प्रत्येकापुढे शून्यापासून पाचपर्यंत आकडे. काहीच त्रास नाही तर शून्य, फारच असेल तर पाच.

मामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि भराभर शून्यं घातली.

"जिन्याला पण शून्य?" मामी वाकून बघत होत्या.

"जिना उत्तम आहे. सागवानी आहे."

"जिन्याची तब्येत नाही विचारलेली."

"तू तुझं बघ."

"मी बघतेच आहे. परवा पंधराव्या पायरीवर उभं राहून तुम्ही दहा मिनिटं कठड्याला पॉलिश कुठलं करायचं याचा विचार करत होतात."

"करायला झालंय ते," मामा म्हणाले आणि झोपेपुढेही शून्य घातलं.

मग फुंकायचं मशीन. सिस्टरनं मामांच्या नाकाला चिमटा लावला. वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे मामा खुर्चीत बसले. तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर पडद्यावर रेघ.

"भरपूर श्वास घ्या. आता जोरात फुंका. फुंका, फुंका, अजून, अजून, अजून, थांबू नका, अजून."

असं कुणी मामांना आयुष्यात सांगितलं नव्हतं. हे वाक्य त्यांचं होतं, ते गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांनी जीव खाऊन फुंकलं. पडद्यावरची रेघ जेमतेम वर चढली आणि थकलेल्या म्हशीसारखी खाली बसली. तीन वेळा केलं, तीन वेळा बसली.

मामांनी चिमटा काढला, दोन श्वास घेतले आणि मशीनकडे असं पाहिलं की सिस्टर जरा मागे सरकली.

"तुमच्या मशीनची हवा जातेय," ते म्हणाले.

"काय?"

"गळतंय हे. हा जोड बघा, इथे." त्यांनी नळी फिरवून उजेडात धरली, बोट ओलं करून सांध्याभोवती फिरवलं. "साबण आहे का जरा? दोन मिनिटांचं काम आहे. पैसे देऊ नका."

"मामा, सकाळपासून आठ पेशंट झाले यावर."

"आठांचंही चुकीचं आलं असणार. बिचारे उगाच घाबरून घरी गेले."

सिस्टर वयानं लहान असली तरी कामात मुरलेली होती. तिनं वाद घातला नाही. खोक्यातून कोरी नळी काढली, मशीनला बसवली आणि मामींकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही फुंका बघू."

"मी कशाला? मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच."

मामींनी पदर खोचला. नाकाचा चिमटा स्वतःच लावून घेतला. श्वास भरला आणि सोडला. रेघ उठली. उठली ती चढतच गेली, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली, मग अगदी सावकाश, रमतगमत उतरू लागली. मामी फुंकतच होत्या. सिस्टर आधी "अजून, अजून" म्हणाली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "पुरे मावशी, पुरे."

मामी थांबल्या. चिमट्यामुळे त्यांचा आवाज शेंबड्या मुलासारखा आला. "बरोबर झालं का?"

मामा त्या रेघेकडे बघत होते. रेघेवर कुठे खाच नव्हती, खळगा नव्हता. मशीन ठणठणीत होतं. दुसरा कुणी असता तर त्याच्या मनात पहिल्यांदा आपल्या छातीचा विचार आला असता. मामांच्या मनात पहिल्यांदा आला तो भोंग्याचा. चौदा दिवस त्या निष्पाप पितळेला त्यांनी बुडवलं होतं, उकललं होतं, नाही नाही ते बोलले होते. आणि त्यानं काही केलेलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाई आत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे एका बाजूला शून्यांचा फॉर्म होता, दुसऱ्या बाजूला बसलेल्या म्हशीची रेघ.

"मामा, या दोघांपैकी एक खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या. "मशीनला आम्ही पगार देत नाही, त्यामुळे त्याला खोटं बोलायचं कारण नाही."

मामांनी फॉर्म हळूच उलटा केला.

"पंप घेता ना रोज? कसा घेता, दाखवा."

मामांनी पंप काढला, तोंड अर्धवट उघडलं, जिभेवर टुचकन् एक फवारा मारला आणि तोंड मिटलं. "पुरे एवढं. जास्त घातलं की खटके चिकटतात."

बाईंनी डोक्याला हात लावला. "तीन वर्षं असाच घेताय?"

"तेल कसं, थेंबभरच द्यायचं असतं."

"मामा, हे औषध आत ओढून घ्यायचं असतं. तुमच्या जिभेला त्याची चव एव्हाना चांगली कळली असेल, पण छातीपर्यंत अजून निरोपही गेलेला नाही."

मामींनी तोंडाला पदर लावला. त्या हसताहेत की आणखी काही, ते मामांना कळलं नाही. बाईंनी मग पंपाला जोडायची एक प्लास्टिकची बाटली दिली, कसं ओढायचं, ओढून किती वेळ थांबायचं ते दाखवलं, चार वेळा करून घेतलं. मग मामांनी मनातला प्रश्न विचारला. सरळ विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्यांनी तो भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघून विचारला.

"पुढे काय?"

"तुमच्याकडे झिजून पातळ झालेलं पितळ आलं तर काय करता?" बाईंनी उलट विचारलं.

"झिजलेलं पितळ परत जाड होत नाही," मामा म्हणाले. "पुढे झिजणार नाही एवढं बघायचं. आणि वाजवणाऱ्याला सांगायचं, बेतानं घे."

"आणि मग ते वाजतं?"

"वाजतं की. कित्येक वर्षं वाजतं. कसं वापरतात त्यावर आहे."

"मग मी वेगळं काय सांगू?" बाई म्हणाल्या. "गेलं ते परत येणार नाही. खोटी आशा मी देत नाही. आणि आकडा मागाल तर तोही देणार नाही, कारण तो मला माहीत नाही. पण धूर, ॲसिड, भुकटी आजपासून बंद. औषध नीट घ्या. रोज चालायचं, दम लागला की थांबायचं आणि परत चालायचं. इथे व्यायामाचा वर्ग आहे, आठवड्यातून दोनदा, त्याला यायचं. आणि या फॉर्मवर जे खरं आहे ते लिहायचं. तुम्ही शून्य लिहिलंत की मी शून्याचंच औषध देते."

त्यांनी कोरा फॉर्म दिला. मामा बाहेरच्या बाकावर बसले. पेन्सिल या वेळी हळू चालली. जिना, पाच. झोप, चार. खाली रिकामी जागा होती, "आणखी काही त्रास" अशी. तिथे ते लिहू लागले ते थांबेनात. आंघोळ स्टुलावर बसून करतो. सदरा घातल्यावर विसावतो, मग पँट. दोन वर्षं नाडीचे बूट घालत नाही, वाकवत नाही म्हणून, घरी सांगितलंय की फॅशन गेली. तीन उशांवर झोपतो, घरी सांगितलंय की खिडकी दिसावी म्हणून. पोटभर जेवत नाही, जेवलो की श्वासाला जागा उरत नाही.

मामी शेजारी बसून वाचत होत्या. मान डोलवत होत्या. उशा माहीत होत्या, बूट माहीत होते, स्टूल तर त्यांनीच आणून ठेवलं होतं. पोटभर न जेवायचं कारणही त्यांनी हेरलं होतं. मग मामांनी शेवटची ओळ लिहिली. हसलो की खोकला सुटतो, म्हणून घरात गंमत सुरू झाली की मी आधीच उठून खाली जातो.

मामींची मान थांबली.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी काही बोलले की तुम्ही उठून जाता, ते याच्यासाठी?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं माझे विनोद पडायला लागले."

"छे. तुझे तर सगळ्यात घातक."

मामींनी पदरानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "दोन वर्षं मी तोंड दाबून बसले होते," त्या म्हणाल्या. "एवढं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लेकीला फोन गेला असता. टेबल गेलं असतं."

"फोन मी केला नसता. करायचा असता तर पंधराव्या पायरीलाच केला असता," मामी म्हणाल्या. "पण तो भोंगा परवापर्यंत द्यायचा आहे ना? त्याचं काय करायचं ते बोला."

मामांनी काय करायचं ते घरी पोचेपर्यंत ठरवलं. भोंग्यात काही बिघाड नाही याची खात्री हवी होती, आणि खात्री करून देणारी एकच छाती त्यांच्या ओळखीची होती. मामींना त्यांनी टेबलापाशी बसवलं, भोंगा मांडीवर दिला, ओठ कसे धरायचे ते शिकवलं. पहिल्यांदा नुसती फुर्रफुर्र झाली. दुसऱ्यांदा म्हैस हंबरली. तिसऱ्यांदा खालचा सूर निघाला तो असा, की घड्याळजी दुकान सोडून धावत आला.

मामा बोटांवर मोजत होते. चौदाला मामी थांबल्या.

"गॅसवर दूध आहे," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

बँडमास्तर ठरल्या दिवशी आले. मामांना अजून खोटं बोलायची संधी होती. सांधा सापडला, डाग दिला, झालं. भोंगा ठीकच होता, कुणाला काय कळणार होतं? टेबल वाचलं असतं. पण मग एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. भोंगा मुळात ठीक होता, तर तो आपल्याकडे आलाच कशाला?

"मास्तर, आधी माझं सांगतो," मामा म्हणाले. "याच्यात गळती नव्हती. मी दोन आठवडे शोधत होतो ती माझ्या छातीत निघाली. दवाखान्यात कागदावर काढून दिलीय. तुमच्या साहेबांना सांगायचं तर सांगा. वर्कशॉपला पाठवायची तर पाठवा."

बँडमास्तर भोंग्याकडे बघत राहिले. "पण चार मोजेपर्यंत मरतो हो."

"तुम्ही बसा. फुंका."

त्यांनी ओठांना लावायचा आपला माउथपीस खिशातून काढून भोंग्याला बसवला आणि फुंकलं. एक, दोन, तीन. चौथ्याला मिशी थरथरली आणि सूर पडला.

"बघा," ते म्हणाले. "गळतोय."

"अगं, जरा खाली ये गं," मामांनी हाक मारली.

मामी ओले हात पुसत आल्या. माउथपीस बदलला, भोंगा घेतला. या वेळी घड्याळजी आला नाही, त्याला माहीत होतं. मामी सोळापर्यंत गेल्या आणि भोंगा खाली ठेवून बँडमास्तरांकडे मायेनं पाहिलं.

बँडमास्तर लाल झाले. आधी वाटलं चिडले. मग ते खोकले, आणि तो खोकला मामांनी लगेच ओळखला. घरचाच होता.

"किती दिवस?" मामांनी विचारलं.

"दीडेक वर्ष," बँडमास्तर हळूच म्हणाले. "तीस वर्षं आगीत घुसलो, मुखवटा असला तरी धूर काय कुणाला सोडतो? साहेबांना कळलं तर बँडमधून काढतील. म्हणून म्हटलं, भोंग्याचंच असेल."

"भोंग्याचंच म्हटलंत ते बरं केलंत. मी पण तेच म्हणत होतो."

दोघांनी भोंग्याकडे पाहिलं. बिचारा दोघांची लबाडी अंगावर घेऊन चकाकत होता.

"साहेबांना काय सांगू?" बँडमास्तरांनी विचारलं.

"सांगा की मामा म्हणतात, वाद्यं पाठवायच्या आधी माणसं पाठवा," मामा म्हणाले. "भोंग्याचा धुतलेला माउथपीस मी देतो, ज्यानं त्यानं या भोंग्यात फुंकावं. याच्यात खोट नाही हे आता ठरलंय. ज्याचा दम कमी भरेल त्याला डॉक्टरीणबाईंकडे धाडायचं. दम भरलेला असून ज्याचं स्वतःचं वाद्य वाजत नसेल, ते टेबलावर ठेवायचं. वर्कशॉपवाले पितळ तपासतील. माणूस कोण तपासणार?"

"मोजणार कोण?"

"मी मोजीन. आधी ही फुंकून दाखवेल, मग बाकीच्यांनी."

साहेबांना ही कल्पना आवडली की नाही ते कुणाला कळलं नाही, पण वर्धापनदिनाच्या आधीच्या सोमवारी सतरा तगडी माणसं गल्लीत रांगेनं उभी होती आणि भोंग्यापाशी स्टुलावर मामी बसल्या होत्या. त्यांचा आकडा ऐकून पहिल्या दोघांनी सर्दीचं निमित्त काढलं. मामांनी सर्दीवाल्यांना वेगळं बसवलं, औषध म्हणून आलं घातलेला चहा पाजला आणि शेवटी फुंकायला लावलं. तीनजण दवाखान्यात गेले, बँडमास्तर धरून चार. भोंगा वर्धापनदिनाला दुसऱ्यानं वाजवला. बँडमास्तरांनी पुढे उभं राहून नुसत्या भुवयांनी ताल दिला, आणि लोक म्हणाले की यंदा ताल जास्त नीट आहे.

टेबल जागच्या जागी राहिलं. ॲसिडचं आणि पॉलिशचं काम पितळेच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं, मामांकडे फक्त खटके, सांधे आणि कान उरले. लेक रविवारी आली तेव्हा मामांनी तिच्या हातात स्वतःहून पाचवाला फॉर्म दिला. तिनं तो दोनदा वाचला. मग खाली जाऊन टेबलासमोर वाऱ्याला एक पंखा बसवून घेतला आणि सहाव्या मजल्याचा विषय काही महिन्यांसाठी पुढे ढकलला. ढकललाच, सोडला नाही. मामांची छातीही तशीच होती, ढकललेली.

त्या सोमवारी मागे राहिलेल्या वाद्यांत एक क्लॅरिनेट होतं. वाजवणाऱ्यानं भोंग्यात बारापर्यंत सूर धरला होता, आणि क्लॅरिनेट मात्र पाचाला चिरकत होतं. मामांनी ते दिव्याखाली धरलं, भोकांवरच्या एकेक झाकणाखाली कागदाची पट्टी सरकवून ओढून पाहिली. चौथ्या झाकणाखालून पट्टी न अडकता अलगद सुटून आली, म्हणजे झाकण नीट टेकत नव्हतं.

"अहो, जेवायला येताय ना?" मामी वरून म्हणाल्या.

"येतो," मामा म्हणाले. त्यांनी पट्टी पुन्हा सरकवली, पुन्हा ती सुटली. खरी, उघडी, डोळ्यांना दिसणारी गळती होती. "पाच मिनिटं दे. एक सापडलीय."